सात अक्षरांचे मोल : टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या वाचनगटाचा शिरस्ता साधा आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका सभासदाच्या घरी जमायचे, महिनाभर वाचलेल्या पुस्तकावर दोन तास बोलायचे आणि चहा झाला की पुढचे पुस्तक ठरवून उठायचे. अमेरिकी लेखिका टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ या कादंबरीने हा शिरस्ता मोडला. तिच्यावर आम्ही सलग तीन बैठका बोललो, तरीही एकमत झाले नाही. दोघांनी ती अर्ध्यावर ठेवली, एकाने ती ओळीने दोनदा वाचली, आणि दुसऱ्या बैठकीत एक सभासद चर्चा चालू असतानाच उठून घरी गेल्या. एकाच पुस्तकाला इतक्या वेगवेगळ्या प्रतिक्रिया आमच्या गटात यापूर्वी कधी आल्या नव्हत्या, म्हणून हे परीक्षण मी त्या प्रतिक्रियांसह लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. ही कादंबरी अवघड आहे, तिच्यातील माणसांना जे बोलता येत नाही त्यामुळे ती अवघड झाली आहे, आणि ज्यांनी ती अर्ध्यावर सोडली त्यांनी ती पुन्हा हाती घ्यावी असे मला मनापासून वाटते.

कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली. तिचा वर्तमानकाळ १८७३ चा आहे, म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्ध संपून आणि गुलामगिरी कायद्याने रद्द होऊन आठ वर्षे झाली आहेत. ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराच्या कडेला, १२४ क्रमांकाच्या घरात, सेथ ही एकेकाळची गुलाम स्त्री आपल्या डेन्व्हर या अठरा वर्षांच्या मुलीसह राहते. घराला बाधा आहे. त्या बाधेपायी सेथचे दोन मुलगे घर सोडून पळाले आहेत, आणि सासू बेबी सग्ज शेवटच्या दिवसांत अंथरुणाला खिळून, फक्त रंगांचा विचार करत वारली आहे. केंटकीतील ज्या ‘स्वीट होम’ नावाच्या शेतावर सेथ गुलाम होती, तिथलाच पॉल डी हा पुरुष अठरा वर्षांनी दारात येऊन उभा राहतो आणि घरातील बाधेला हुसकावून लावतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत, पायांत नवे बूट असलेली एक तरुणी घरासमोर झाडाच्या बुंध्यावर बसलेली आढळते. आपले नाव ती ‘बिलव्हेड’, म्हणजे ‘लाडकी’, असे सांगते. सेथच्या मेलेल्या मुलीच्या थडग्यावर हाच एक शब्द कोरलेला आहे.

तो शब्द कसा कोरला गेला हे पहिल्याच काही पानांत येते. सेथकडे पैसे नव्हते. दगड कोरणाऱ्याने तिच्याकडून दहा मिनिटे मागितली आणि त्या बदल्यात सात अक्षरे कोरून देण्याचे कबूल केले. इंग्रजीत या शब्दाची अक्षरे सातच होतात. थडग्यांच्या दगडांमध्ये, त्या माणसाचा मुलगा समोर बघत असताना, तिने आपल्या देहाने ही किंमत चुकती केली. पुढे तिला राहून राहून एकच प्रश्न पडतो, की आणखी दहा मिनिटे दिली असती तर पाद्र्याने अंत्यविधीला उच्चारलेला ‘डिअरली’ हा आधीचा शब्दही मिळाला असता का. मॉरिसन हे आवाज न चढवता, हिशेब सांगावा तसे सांगतात. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका या पानावर थांबले होते. “असा भाव मी कुठल्याच वहीत पाहिला नाही,” एवढेच ते म्हणाले, आणि त्या दिवशी पुढे काहीच बोलले नाहीत.

सर्वांत ठाम तक्रार अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका अभियंत्याची होती. “पन्नास पानं झाली तरी कोण मेलंय, कोण जिवंत आहे आणि हे कधीचं चाललंय, तेच कळत नाही. लेखिकेला माहीत आहे ना? मग सांगायला काय हरकत आहे?” ही तक्रार हसून टाळण्यासारखी नाही. कादंबरी कुणाची ओळख करून देत नाही. पहिल्या वाक्यात घराचा आकडा येतो आणि त्या घराच्या अंगात विखार आहे असे कळते. घर कुणाचे, विखार कसला, याचा खुलासा नंतर तुकड्यातुकड्यांनी, मागेपुढे होत मिळतो. एखादी आठवण सुरू होते, दुखऱ्या जागेपाशी येऊन तुटते आणि साठ पानांनंतर दुसऱ्याच कुणाच्या तोंडून पुढे सरकते. नंतरच्या एका आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत मॉरिसन यांनी याचे कारण दिले आहे. गुलाम माणसांना कसलीही पूर्वसूचना न देता एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेऊन टाकले जात असे, आणि वाचकालाही तसेच तयारीविना, बचावाविना परक्या जागी टाकलेले त्यांना हवे होते. आमच्या अभियंत्यांना हे कारण पटले नाही. लेखिकेचा हेतू चांगला असला म्हणून वाचकाचा त्रास कमी होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मला ते कारण पटले, पण प्रस्तावनेमुळे नव्हे. मला पटवले ते पॉल डीने. या माणसाच्या तोंडात कधीकाळी लोखंडी लगाम घातला गेला होता, आणि त्या अवस्थेत, शेतावर मोकळा फिरणारा कोंबडा आपल्यापेक्षा स्वतंत्र आहे हे त्याने पाहिले होते. छातीत हृदयाच्या जागी तंबाखूची एक गंजलेली डबी आहे, तिचे झाकण घट्ट बसले आहे आणि ते कुणी उघडू नये, असे तो मानतो. सेथने काय केले होते हे त्याला पुस्तकाच्या जवळजवळ मध्यावर कळते, आणि तेही तिच्याकडून नव्हे. स्टॅम्प पेड हा म्हातारा त्याच्यापुढे वर्तमानपत्राचे जुने कात्रण धरतो. पॉल डीला वाचता येत नाही. कात्रणातील चित्राकडे बघत तो पुन्हा पुन्हा एकच सांगत राहतो, की हे तोंड तिचे नाही. वाचकही तोवर दीडशे पाने याच माणसाच्या जागी उभा असतो. त्याच्यासमोरही सारे असते आणि त्यालाही ते वाचता येत नाही. अभियंत्यांना आलेला वैताग खरा होता, आणि लेखिकेने तो ठरवून, तोलून पेरला होता असे मला वाटते.

आता त्या घटनेविषयी. बऱ्याच वाचकांना ती आधीच ठाऊक असते, म्हणून लिहिते. आपल्या मुलांना पुढे पाठवून, पोटुशी असतानाच सेथ स्वीट होममधून पळते, वाटेत बाळंत होते आणि ओहायो नदी ओलांडून सासूच्या घरी पोहोचते. तिला अठ्ठावीस दिवसांचे स्वातंत्र्य मिळते. मग चौघे घोड्यांवरून येतात : ‘स्कूलटीचर’ म्हणून ओळखला जाणारा मालक, त्याचा एक पुतण्या, गुलाम पकडणारा एक जण आणि शेरीफ. त्यांना पाहताच सेथ चारही मुलांना घेऊन आवारातील खोपीत शिरते, त्यांना परत जाऊ द्यायचे नाही म्हणून मारायला निघते, आणि त्यांतली एक मुलगी मरते.

दुसऱ्या बैठकीत कुणीतरी सुचवले की सेथने केले ते बरोबर की चूक यावर प्रत्येकाने मत द्यावे. आमच्यातील एका ताईंनी तीस वर्षे प्रसूती कक्षात परिचारिका म्हणून काम केले आहे. “ही हात वर करून ठरवायची गोष्ट नाही,” असे म्हणून त्या उठल्या, चपला घालून निघून गेल्या. पुढच्या महिन्यात त्या आल्या तेव्हा पुस्तकात खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. त्यांनी आम्हाला सुरुवातीच्या एका प्रसंगाकडे परत नेले. स्वीट होमवर मालकाच्या पुतण्यांनी गरोदर सेथला धरून, तान्ह्या मुलीसाठी असलेले तिच्या अंगावरचे दूध चोखून घेतले होते. तिने मालकिणीला हे सांगितले म्हणून तिला चाबकाने फोडले गेले. अठरा वर्षांनी ती हे पॉल डीला सांगते तेव्हा तो चाबकाबद्दल विचारतो, आणि ती म्हणते की त्यांनी माझे दूध नेले. तो पुन्हा माराबद्दल विचारतो, पोटुशी असताना मारले का म्हणून; आणि ती पुन्हा तेच म्हणते. “तुम्ही सगळ्यांनी मागच्या वेळी पाठीच्या वळांवर अर्धा तास बोललात,” ताई म्हणाल्या. “दुधाचा विषय कुणीच काढला नाही. बाळंतीण शुद्धीवर आली की स्वतःच्या टाक्यांचं विचारत नाही, बाळानं दूध घेतलं का ते विचारते.” मी माझी टिपणे उघडून पाहिली. पाठीवर दीड पान होते, दुधावर एक ओळही नव्हती.

घटनेला आधार आहे तो मार्गारेट गार्नर या स्त्रीच्या इतिहासाचा. जानेवारी १८५६ मध्ये ती आपल्या कुटुंबासह केंटकीतून निघून, गोठलेली ओहायो नदी पायी ओलांडून सिनसिनाटीला आली. माग काढत लोक पोहोचले तेव्हा तिने आपल्या लहान मुलीला ठार केले. मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक असताना, १९७४ मध्ये निघालेल्या एका संकलनाचे काम करताना, या घटनेचे वृत्तपत्रातील कात्रण त्यांच्या हाती आले होते. इथे आमच्या गटातील तरुण वकील मुलीने एक गोष्ट समजावून सांगितली, आणि तिच्यामुळे माझे वाचन पालटले. मार्गारेटच्या बाजूचे लोक तिच्यावर ओहायोत खुनाचा खटला चालावा म्हणून झटत होते. कारण आरोपी होण्यासाठी आधी माणूस असावे लागते. १८५० च्या फरारी गुलामांविषयीच्या कायद्याने ती मालकाची चीजवस्तू ठरत होती, आणि चीजवस्तू मालकाला परत करायची असते. अखेर तसेच झाले. तिला परत पाठवले गेले, आणि १८५८ मध्ये ती दक्षिणेत विषमज्वराने वारली. हे कळल्यावर कादंबरीतील खोपीच्या दारात उभा असलेला स्कूलटीचर पुन्हा वाचावा. मेलेले मूल पाहून तो केवळ एवढेच मोजतो की इथून नेण्याजोगे आता काही उरले नाही. हाच माणूस आपल्या विद्यार्थ्यांना वहीत दोन रकाने पाडून, डावीकडे सेथची माणसाची लक्षणे आणि उजवीकडे जनावराची लक्षणे लिहायला सांगत असे. ती शाई सेथनेच बनवून दिलेली असायची.

नाशिकमध्ये हे पुस्तक वाचताना जातीचा विषय निघणार हे उघड होते. तो निघाला, आणि चर्चा सर्वांत तापली ती इथे. दोघा-तिघांनी “हे सगळं आपल्याकडचंच आहे” असे म्हणताच, ज्यांचे आजोबा १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होते ते प्राध्यापक शांतपणे म्हणाले, “माझ्या आजीचं मूल कुणी बाजारात नेऊन विकलं नाही. तिला पाणी भरू दिलं नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा, नाहीतर दोन्ही बुडतील.” त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. तुलना करूच नये असे ते म्हणत नव्हते, आणि त्यांनीच पुढे आठवण करून दिली की महात्मा फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघाली आणि ती त्यांनी अमेरिकेतील गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना अर्पण केली. म्हणजे सेथच्या घरासमोर ती भिजलेली मुलगी येऊन बसते, त्याच वर्षी. फुल्यांना पुण्यात बसून दिसलेली सुटका सेथच्या घरात मात्र अजून पोहोचलेली नाही, ही गोष्ट मला तेव्हापासून सोडत नाही.

त्याच वर्षाचा आणखी एक धागा तर आपल्या गावातून जातो. शरणपूर रोड हे नाव आपण रिक्षावाल्याला दिवसातून दोनदा सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मिशनऱ्यांच्या या शरणपुरात वाढत होती, शिकत होती, हातांना कामे लावून घेत होती. जेकब वेनराइट हा त्यांतलाच. मे १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन तिथेच वारले तेव्हा झाडाखाली त्यांचे हृदय पुरताना प्रार्थना म्हणणारा आणि त्या झाडावर अक्षरे कोरणारा हा नाशिकला शिकलेला मुलगा होता. पुढे शरणपुरातील कित्येक जण मोंबासाजवळच्या फ्रियर टाउन या वसाहतीत गेले. गुलामगिरी ही दूर अमेरिकेतली गोष्ट आहे, तिच्यासाठी एवढे कष्ट का घ्यावेत, असा प्रश्न आमच्या पहिल्या बैठकीत एका सभासदाने विचारला होता, आणि ही बैठक ज्या घरात भरली होती ते शरणपूर रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

भाषेविषयी एका कवी सभासदाचा आक्षेप नोंदवायला हवा. सेथच्या पाठीवरील व्रणांना कादंबरीत फुललेल्या झाडाची उपमा येते. यातनेला असे सुंदर करणे त्यांना अनैतिक वाटले. हा आक्षेप वजनदार आहे, आणि मीही पहिल्या वाचनात अडखळले होते. परंतु झाड म्हणणारी मुलगी कोण आहे ते पाहावे. रानात बाळंतपणाला टेकलेल्या सेथला धीर देणारी, स्वतःही गरिबीत रगडली गेलेली एमी ही गोरी पोर ते बोलते. सेथला स्वतःची पाठ कधी दिसलेलीच नाही, म्हणून ती ते शब्द जपून ठेवते. पुढे पॉल डी त्याच पाठीकडे बघतो आणि मनात म्हणतो की हे झाड वगैरे काही नाही, हा व्रणांचा किळसवाणा पुंजका आहे. लेखिका दोन्ही नजरा ठेवते. कवींना हे दाखवल्यावर त्यांनी आक्षेप मागे घेतला नाही, पण ते पान त्यांनी पुन्हा वाचून घेतले.

भुताची अडचण मात्र आमच्याकडे कुणालाच आली नाही. अतृप्त जीव घर सोडत नाही, हे आपल्या आज्यांनी आपल्याला लहानपणीच सांगितलेले असते. उलट शंका निघाली ती ही मुलगी खरोखर भूतच आहे का याची, कारण एका गोऱ्या माणसाने कोंडून ठेवलेली मुलगी त्या भागातून पळाल्याचा उल्लेख कादंबरीत हळूच येऊन जातो.

माझी स्वतःची खरी तक्रार दुसऱ्या भागातील बिलव्हेडच्या स्वगताविषयी आहे. तिथे विरामचिन्हे गळून पडतात, वाक्ये तुटक होतात, आणि बोलणारी मुलगी एकाच वेळी सेथची लेक आणि गुलामांच्या जहाजाच्या तळाशी, मेलेल्यांच्या अंगाखाली दबलेली कुणीतरी असते. कादंबरी ‘सहा कोटी आणि त्याहून अधिक’ अशा माणसांना अर्पण केलेली आहे, ते त्या वाटेत संपलेल्यांनाही कवेत घेऊनच. मनातल्या मनात वाचताना ही पाने मला दोन्ही वेळा बंद राहिली. तिसऱ्या बैठकीत वकील मुलीने ती मोठ्याने वाचली, श्वास तुटतो तिथे थांबत, आणि जिथे मला काहीच कळले नव्हते तिथे निदान दाटीवाटी आणि तहान ऐकू आली. तरीही तीन-चार परिच्छेद माझ्यासाठी आजही बंदच आहेत.

अमेरिकेतही सुरुवातीला एकमत नव्हते. काही समीक्षकांनी तिला भडक म्हटले; राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार तिला मिळाला नाही तेव्हा ४८ कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी जाहीर निवेदन काढले; १९८८ मध्ये तिला पुलित्झर मिळाले, १९९३ मध्ये मॉरिसन यांना नोबेल. शाळांतून ती काढून टाकण्याच्या मागण्या पुढेही होत राहिल्या.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे. आम्ही ती मूळ इंग्रजीतूनच वाचली. कृष्णवर्णीय माणसांच्या बोलीतील संवाद पहिली वीस पाने जड जातात, मग कानाला सवय होते. प्रस्तावना असलेली आवृत्ती मिळाली तर ती प्रस्तावना शेवटी वाचावी, कारण तिच्यात मार्गारेट गार्नरची हकिगत येते, आणि मलपृष्ठावरील मजकूर तर वाचूच नये. माझ्या प्रतीवर तिथेच सारे सांगून टाकले आहे. अक्षर बारीक आहे, चाळिशी लागलेल्यांनी मोठ्या आकाराची प्रत शोधावी. रोज पंधरा-वीस पानांपेक्षा अधिक वाचू नये. कात्रणाच्या प्रकरणापाशी पोहोचल्यावर पहिले प्रकरण पुन्हा वाचावे. त्यातील प्रत्येक वाक्य आता वेगळे वाचले जाते. आणि शक्य असल्यास एकट्याने वाचू नये.

शेवटच्या दोन पानांत एक वाक्य थोड्याफार फरकाने तीनदा येते, की ही ‘पास ऑन’ करण्यासारखी गोष्ट नव्हती. इंग्रजीत या शब्दांचे दोन अर्थ होतात : पुढच्याला सांगणे, आणि टाळून पुढे जाणे. म्हणजे ही गोष्ट सांगूही नये आणि सोडूही नये. मराठीत हे एका वाक्यात कसे आणायचे यावर आम्ही तिसऱ्या बैठकीचा शेवटचा अर्धा तास घालवला. प्राध्यापकांनी ‘पुढे न्यावी’ सुचवले, कवींनी ‘ओलांडावी’, आणि दोन्हींत एकेक अर्थ हातातून निसटत होता. ज्यांच्या घरी आम्ही बसलो होतो त्यांच्या सासूबाई, वय वर्षे त्र्याऐंशी, आतल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून तिन्ही वेळा ऐकत होत्या. “जाऊ द्यायची नव्हती, असं म्हणा की,” त्या म्हणाल्या. “आमच्या वेळी घरात असं काही झालं की सासू म्हणायची, गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका. आणि रात्री आम्हा बायकांत कुणी रडायला लागली की तिला म्हणायची, आता जाऊ दे.” प्राध्यापकांनी पेन काढले आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा एकदा विचारून, लिहून घेतले.